बेसमेंटमधली कापणी

भामाबाई पार्किंगमधून नाहीशा झाल्या. पण असं काही घडलंच नाही, असं सोसायटीच्या बैठकीत ठरलंय, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

बेलपाड्यात जिथे त्यांचं भातशेत होतं, तिथे आता टॉवर आहे. चिखलाच्या जागी बेसमेंट आणि भामाबाई अकराव्या मजल्यावर. तिथल्या दाराला त्यांनी कधी नवं बांधलं नाही. नव्या भाताच्या लोंब्या बांधायच्या त्या आपल्याच शेतातल्या, बाजारातल्या नाही, असं म्हणून त्या दर दसऱ्याला बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

यंदा त्यांचा मुलगा प्रितम ऑफिसच्या सहलीने बालीला गेला. तिथल्या एका गावात कापणीचा सण होता. बायका एका पेंडीला वस्त्र नेसवून, फुलं माळून कोठारात नेत होत्या.

"ही भाताची आई," गाइड म्हणाला. "हात लावू नका."

प्रितमचं डोकंच फिरलं. यांच्या पेंढ्याला एवढा मान आणि आपल्या जित्या आईला लिफ्ट! त्याने त्याच पेंडीतल्या चार लोंब्या खुडल्या आणि मोज्यात लपवून आणल्या.

"कुठल्या शेताचा भात?" भामाबाईंनी विचारलं.

"आपल्याच. रॅम्पच्या कडेला उगवला होता."

त्यांनी एक दाणा चावून पाहिला. लोंब्या दाराला बांधल्या. आणि मग भडकल्या.

"मंग शेत हाय! आन तुमी मना सांगता गाड्या हायत? लाज नाय वाटत?"

कापणीचा इळा घेऊन त्या खाली गेल्या. लिफ्टनेच.

प्रितम मागोमाग उतरला. बेसमेंटमध्ये ओल्या पेंढ्याचा वास होता. तिथले दिवे कुणी हललं तरच लागतात. ते लागत होते. एक, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. कुणी ओणवं होऊन कापत सरकावं तसे. गाड्यांमध्ये कुणीच नव्हतं.

खस्स. खस्स.

"आई!"

"पीक तुडवू नको, मेल्या," अगदी कानाशी आवाज आला.

दिवा विझला.

टाइल्स कोरड्या होत्या. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती.

सेक्रेटरींनी कॅमेरे तपासले, सेन्सर बिघडल्याचं जाहीर केलं आणि विजेचं बिल वाढतंय म्हणून दिवे काढायचा ठराव केला. त्यावर प्रितमचा अर्ज असा:

'दिवे काढू नयेत. माझी आई कापणी उरकून वर येईपर्यंत ते चालू ठेवावेत. तसेच कालपासून इळ्याचा आवाज दोन ठिकाणांहून येतो. फुलं माळलेल्या दुसऱ्या बाईची गेटवर नोंद आहे का, असल्यास ती कोणाकडे आली आहे, हे लेखी कळवावे, ही विनंती.'