उपाशीपोटी

हे रात्री घडलं असतं तर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. पण हे दिग्रसमध्ये, भर सकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात घडलंय. ज्या साधनासमोर घडलं, ती माझी मावसबहीण. थापा मारायला तिला वेळ नसतो.

साधना तिथल्या एका खासगी दवाखान्यात सिस्टर आहे. ऑपरेशनच्या आधी पेशंट घाबरतो, बीपी चढतं. मग ती स्टूल ओढून त्याच्याजवळ बसते. तळहाताला कोमट खोबरेल लावते, एकेक बोट चोळते. सोबत श्वास, विहारातल्या शिबिरात शिकलेला.

"नाकानं हळू घ्या... तोंडानं हळू सोडा..."

थरथरणारी माणसं बघता बघता शांत होतात. डॉक्टर गमतीनं म्हणतात, अर्धी भूल तर हीच देते.

दोन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, विमल आली. पित्ताशयात खडे होते. नवरा मारोतराव सोबत होता.

"सिस्टर, मले लय भेव लागून राह्यलं."

साधनानं तिचा हात हातात घेतला. नेहमीचा प्रश्न विचारला. "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

विमलनं तोंड उघडलं...

"काही नाही," मारोतराव मधेच बोलला. "काल रातपासून उपाशी आहे ते."

विमलनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

भूल दिली आणि तिच्या पोटातलं सगळं वर आलं. श्वासनळीत गेलं. चहा होता. चहात बुडवलेले टोस्ट होते.

विमल टेबलावरच गेली.

"चहाच तं पाजला," मारोतराव साधनाला म्हणाला. "चहा म्हंजे काय जेवन असते? सांगतलं असतं तं पुढची तारीख देल्ली असती. वावरात बाया लावून आलो मी."

हे तो एकट्या साधनाजवळ बोलला. गाव जमल्यावर त्याची जीभ फिरली. "ह्या सिस्टरनं हात चोळू चोळू मारली माह्या बायकोले!"

काचा फुटल्या. साधनाच्या कानाखाली बसली. नोकरी कशीबशी वाचली, पण नाव गेलं. बाजारात बायका तिच्याकडे बोट दाखवायच्या. साधनाला त्या माणसाचा राग होता. अजूनही आहे.

मागच्या हिवाळ्यात तोच मारोतराव हर्नियासाठी तिथंच भरती झाला. योजनेच्या कार्डावर दुसरीकडे होत नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपासून साधनानं त्याच्याजवळ डबा राहू दिला नाही, की पाण्याची बाटली.

सकाळी तो लटलटा कापत होता.

"सिस्टर, मागचं इसरा. माह्या हाताले ते तेल लावा ना."

"गावाला खरं सांगाल?"

"सुट्टी झाली का सांगतो. पोराची आन."

त्याचा हात धरायची तिला किळस येत होती. पण पेशंट तो पेशंट. आणि त्याच्या तोंडून खरं बाहेर येणार होतं. ती तेल कोमट करायला गेली.

परत आली तर...

त्याचं कापणं थांबलं होतं. डोळे मिटलेले. ओठांवर हसू. श्वास घेतोय... सोडतोय...

उजवा हात पलंगाबाहेर होता. खाली टेकू नव्हता. हात तसाच हवेत...

बोटं एकेक करून मागे वाकत होती. करंगळी... मग तिच्या शेजारचं...

तळहात तेलानं चमकत होता.

साधनाच्या हातातली वाटी भरलेली होती.

"मारोतराव?"

"बोलू नका, सिस्टर," तो पुटपुटला. "लय दिवसानं आली ते. रागावली नाही माह्यावर."

स्टुलावर कोणी नव्हतं. पण त्याची रेक्झिनची गादी मध्यभागी दबली होती.

आणि खोलीत वास होता... अद्रकाच्या चहाचा.

साधना धावत डॉक्टरांकडे गेली. "याला आज नेऊ नका, सर." डॉक्टर आले, बीपी घेतलं, छाती तपासली, परत तपासली. सगळं उत्तम. "इतका शांत पेशंट मी पाहिला नाही, सिस्टर. का नको?"



भूल दिली आणि मारोतरावच्या नाकातोंडातून चहा आला. ओढायची नळी लावली. उपसता उपसता सगळे दमले, पण चहा येतच राहिला. वाफाळता. त्यात टोस्टचे तुकडे होते.

मारोतराव गेला. खरं सोबत घेऊन गेला, असं साधनाला वाटलं. तिला रडू आलं ते स्वतःसाठी.

दुपारी त्याची आई आली, तुळसाबाई. गाव परत चालून येणार म्हणून गेट लावून घेतलं होतं. म्हातारी एकटीच होती. साधनासमोर बाकावर बसली.

"माह्या लेकराले भेव लागलं होतं काय वं?"

"शेवटी नाही. एकदम शांत होते."

"कोनी होतं त्याच्याजवळ?"

"होतं," साधना म्हणाली. "विमल होती. हात चोळत होती त्यांचा."

तुळसाबाई किंचाळली नाही. खोटं बोलतेस असंही म्हणाली नाही.

"विमलले पाजला तो चहा म्याच मांडला होता," ती म्हणाली. "ते नाही म्हनत होती."

आणि तिनं आपले दोन्ही हात पदराखाली लपवले.