ग्रंथगाठीचं बहुमत

इचलकरंजीच्या श्रमसाधना वाचनालयात ‘ग्रंथगाठ’चा दुरुस्ती मेळावा ऐन रंगात आला होता. ग्रंथगाठ ही वाचनालयं चालवणारी मुक्तस्रोत संगणक-आज्ञावली. कुणीही वापरावी, हवी तशी वळवावी. कुणी तिला कन्नड शिकवलं होतं, कुणी पुस्तकाची मुदत परीक्षेपर्यंत वाढवली होती. गेली तीन वर्षं तिची देखभाल करणारी हर्षदा सोमण आज नुसती हवेत होती.

तेवढ्यात विद्यासाठा कंपनीचे परांजपे आले. हीच आज्ञावली रंगरंगोटी करून विकायचा त्यांचा धंदा.

“मॅडम, अकरा वाजता आमची चार हजार वाचनालयं तुमच्या जाळ्यात येतायत.”

“कुलपासकट?”

“अर्थात!”

हर्षदानं घाईघाईनं लॅपटॉप पुढं ओढला. कंपनीनं घातलेल्या त्या कुलपामुळे वाचनालयाला स्वतःचीच ग्रंथसूची बाहेर नेता येत नसे.

“एवढं घाबरायला काय झालं गं?” ग्रंथपाल मुजावरचाचांनी विचारलं.

“चाचा, ही आज्ञावली स्वयंचिकित्सक आहे. वरवरचे बदल ज्याचे त्याचे; पण प्रत्येक वाचनालयातली प्रत आपला गाभा बाकीच्यांशी ताडून बघते. बहुमतात असेल ते निरोगी, बाकीचं दुखणं. ते ती स्वतःच काढते. आपल्या प्रती तीनशे बारा, त्यांच्या चार हजार.”

“म्हणजे कुलूप आपल्यालाही लागणार!”

“बहुमत आहे, चाचा,” परांजपे गोड हसले.

हर्षदानं मोजणीचा विभाग उघडला. आज्ञावलीच्या दीड लाख ओळींमधला हा कोपरा तिनं कधी वाचलाच नव्हता. वाचता वाचता ती ताडकन उभी राहिली. “चाचा, बघाच आता!”

अकरा वाजले. पडद्यावर आकडे उमटले. कुलूप हवं : एक. कुलूप नको : तीनशे बारा.

पाठोपाठ चार हजार कुलपं पटापट गळून पडली. चाचांनी अशी आरोळी ठोकली की वाचनकक्षातले लोक धावत आले.

“एक? एक कसं?” परांजपे ओरडले.

“हुबेहूब सारख्या प्रती मोजणीत एकच धरतात. नक्कल म्हणजे नवा साक्षीदार नव्हे. तुमच्या चार हजारांत कानामात्रेचाही फरक नाही. आमच्या दोन प्रती सारख्या सापडणार नाहीत.”

“हा नियम घुसवला कुणी?”

हर्षदानं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. नऊ वर्षांपूर्वीची नोंद होती : ‘बड्या कंपन्यांनी नुसत्या संख्येच्या जोरावर आपल्याला गिळू नये म्हणून. पाठवणारे : विद्यासाठा.’

परांजप्यांनी ती दोनदा वाचली.

“तेव्हा कंपनीत आम्ही तिघंच होतो,” ते म्हणाले.