वाळूतली कवळी

ऋषभ, तो फोन जरा खाली ठेव. मघापासून तू मला किनाऱ्यावरच्या छोट्या व्हिडिओंच्या आयडिया ऐकवतोयस. बंकरमध्ये शिरायचं, वाळूत पेटी पुरून नकाशा काढायचा, डिटेक्टर घेऊन नाणी शोधायची. चांगल्या आहेत. पण माझ्या ओळखीच्या एका माणसानं हे सगळं करून झालंय. त्याचं काय झालं ते आधी ऐक, मग काय करायचं ते ठरव. संहिता, तूही बस. फक्त मध्ये काही खाऊ नकोस. का ते कळेल.

त्याचं नाव शैलेंद्र. आधी आइंडहोव्हनला माझ्याच टीममध्ये होता, नंतर रॉटरडॅमला गेला. बायको जयंती. इथे हॉलंडमध्ये त्यांचं वडीलधारं कोणी नव्हतं, म्हणून मला काका म्हणायची दोघं.

तीस जानेवारी दोन हजार एकवीस, शनिवार. कोविडची संचारबंदी लागून आठवडा झाला होता. रात्री नऊच्या आत घरात. शैलेंद्र घरून काम करायचा, जेवणाच्या टेबलाशी बसून बसून पाठ धरली होती. हूक व्हॅन हॉलंडला एका म्हाताऱ्या बाईंना ऑफिसची जुनी खुर्ची काढून टाकायची होती. ती आणायला हा संध्याकाळी गाडी घेऊन गेला. बाईंनी खुर्ची दाराबाहेर ठेवली होती, खिडकीतूनच हात हलवला. यानं ती मागच्या सीटवर आडवी घातली. काम झालं. अंधार पडला होता, पण नऊ वाजायला अजून बराच अवकाश होता. समुद्र दोन मिनिटांवर. आणि डिकीत डिटेक्टर.

आता हा डिटेक्टरचा नाद कसा लागला ते सांगतो. पहिल्या लॉकडाऊनमध्ये यानं मराठीतून छोटे व्हिडिओ सुरू केले. ‘डच किनाऱ्यावरचा खजिना’. सुरुवातीचे खरंच छान होते. झीलंडला जाऊन शार्कचे जुने दात शोधले, वाळूच्या टेकड्यांमधले महायुद्धातले बंकर दाखवले, एका मुलीची हरवलेली अंगठी शोधून तिला परत केली. मी स्वतः मृदुलाला, म्हणजे तुमच्या काकूला, दाखवलेत ते. पण अंगठीचा व्हिडिओ फारसा कोणी पाहिला नाही. मग एकदा यानं किनाऱ्यावर मरून पडलेल्या सीलचं फुगलेलं पोट काठीनं टोचलं. ‘आत काय असेल?’ असं वर लिहिलं. तो लाखांनी पाहिला. तिथून याला कळलं लोकांना काय लागतं. मग कुजलेल्या जाळ्यात हात घालणं, गटाराच्या तोंडाशी खणणं, असलंच सुरू झालं. जयंतीनं बघणं सोडून दिलं. मला म्हणाली होती, “काका, तो हल्ली खजिना नाही शोधत, घाण शोधतो.”

आणि नोव्हेंबरात याला कोविड झाला तेव्हा वास गेला. चवही गेली. ती परत आलीच नव्हती. त्यामुळे हा म्हणायचा, आपल्याला आता कशाचीच किळस वाटत नाही.

“तसं व्हायचं,” संहिता म्हणाली. “माझ्या मैत्रिणीचं पण झालं होतं.”

हो, खूप जणांचं झालं.

तर त्या संध्याकाळी किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. ओहोटी. पलीकडे बंदराचे दिवे. हा कपाळाला बॅटरी बांधून पाण्याच्या कडेकडेनं चालला होता. डिटेक्टर वाजला. खाली शेवाळाचा ढीग आणि त्यात एक पांढरट गोळा, नारळाएवढा. चरबीसारखा. जहाजांच्या टाक्या धुतात ना, त्यातलं मेण कधीकधी असं वाहून येतं. यानं फोन स्टँडवर लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि हातानं गोळा फोडला. आतून बुळबुळीत, करडं. बोटांना चिकटत होतं. मध्ये केस अडकले होते. आणि केसांच्या गुंत्यात एक कवळी.

वरच्या दातांची. हिरड्यांचा गुलाबी रंग उडून राखाडी झालेला. समोरचे दोन दात सोन्याचे.

आता कोणी शहाणा माणूस काय करेल? पोलिसांना कळवेल, नाहीतर तिथेच टाकून हात धुवेल. याला आयडिया सुचली. यानं ती कवळी डबक्यातल्या पाण्यात खळखळली, कॅमेऱ्याकडे तोंड केलं, आणि… तोंडात घातली.

“ई,” संहिता म्हणाली. “काका, प्लीज.”

मलाही असंच झालं होतं. पण त्यानं घातली. स्वतःच्या दातांवर चढवली आणि बॅटरीच्या उजेडात हसून दाखवलं. मला सांगत होता, “काका, ती बसली. माझे दात आत असताना ती बसायलाच नको होती. पण नीट बसली, माझ्याच मापाची असल्यासारखी.” काढायला गेला तर टाळूला धरून राहिली. ओढली तेव्हा सुटली. चोखल्यासारखा आवाज झाला.

मान वर केली तर समोर एक म्हातारा उभा.

लांब ओव्हरकोट. तोंडावर हात धरलेला. शैलेंद्रला वाटलं, मास्क विसरला असेल बिचारा, म्हणून हात धरलाय. तेव्हा सगळेच तसे वागायचे. हा डचमध्ये ‘शुभ संध्याकाळ’ म्हणाला. म्हातारा काहीतरी बोलला. शब्द नव्हते, नुसतं फसफस. त्यानं दुसरा हात पुढे केला. तळवा वर.

कळलं की याला. तेवढं कोणालाही कळेल. पण व्हिडिओ झाला होता ना. कवळी हातात धरून अजून दोन-तीन तरी व्हिडिओ निघाले असते. यानं ती खिशात टाकली आणि म्हणाला, “निक्स. काही सापडलं नाही.”

म्हाताऱ्यानं तोंडावरचा हात काढला.

आत दात नव्हते. जीभ नव्हती. ओठांपर्यंत… वाळू. ओली वाळू ठासून भरलेली. आणि ती हलत होती. त्यात ते समुद्रकिनाऱ्यावरचे किडे असतात ना, उड्या मारणारे. ते बाहेर येत होते. हनुवटीवरून.

शैलेंद्र पळाला. डिटेक्टर तिथेच टाकून, फोन तेवढा उचलून.

नऊच्या आत घरी आला. आता ऐक, ऋषभ, मला या गोष्टीतलं सगळ्यात घाण काय वाटतं ते. तो म्हातारा नाही. एवढं पाहून आलेला माणूस घरी आला, अंघोळ केली, बायकोला खुर्ची दाखवली, आणि तो व्हिडिओ टाकला. म्हाताऱ्याचा भाग कापून. खरं तर कापायला काही नव्हतंच. त्या जागी फोनमध्ये नुसता समुद्र आला होता.

सकाळी चहा घेतला आणि याला चव आली. एवढ्या महिन्यांनी. आनंदानं ओरडणार तेवढ्यात घोट सिंकमध्ये थुंकला. सडलेल्या मासळीची चव. पाण्याला तीच, वरणभाताला तीच, टूथपेस्टला तीच. फोनवर डॉक्टर म्हणाले, कोविडनंतर होतं असं, वास उलटेसुलटे लागतात. जयंतीनंही वाचलं होतं. पण रोज उठल्यावर याच्या दातांत वाळू असायची, ती तिनं कुठे वाचली नव्हती. उशीवर ओला डाग. डागात बारीक कण.

मग आवाज. झोपल्यावर जयंतीला ऐकू यायचं, कोणीतरी बोळक्या तोंडानं चघळतंय. चप… चप… चप. तिला वाटलं शैलेंद्र झोपेत करतोय. दिवा लावला. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं. आवाज चालूच. स्वयंपाकघरातून.

तिथे ओट्याखालच्या कपाटात, जॅमच्या बरणीत, ती कवळी ठेवली होती. जयंतीला माहीतही नव्हतं. तिनं कपाट उघडलं.

आवाज थांबला.

तिसऱ्या दिवशी याचा समोरचा दात पडला. भाकरीच्या घासात. लागलं नाही, रक्त नाही, नुसता गळून आला. दुसऱ्या दिवशी शेजारचा, मग एकामागून एक बाकीचे. पस्तिशीतला धडधाकट माणूस.

मग त्यानं मला फोन केला. बोलणं कळतच नव्हतं, नुसतं फसफस. जयंतीनं फोन घेतला. मी शनिवारी दुपारी आइंडहोव्हनजवळच्या आमच्या गावाहून, बेस्टहून निघालो. घरात शिरलो तर हा घरातल्या घरात मास्क लावून बसलेला. काढ म्हटलं. काढला. वरच्या हिरड्या मोकळ्या. राखाडी पडत चाललेल्या.

जयंती म्हणाली, “काका, आपण ते परत नेऊन देऊया. आजच.”

“चला,” म्हटलं.

“आधी तो व्हिडिओ काढ,” ती त्याला म्हणाली.

आणि हा फोन हातात घेऊन बसला. पडद्यावर आकडे चढतायत. मी त्याच्याकडे बघत होतो. तोंडात दात नाहीत, चार दिवस पोटात अन्न नाही, आणि हा… विचार करत होता. मला तेव्हा त्याची जी शिसारी आली ती अजून पुरती गेलेली नाही. जयंती नुसती बघत राहिली. शेवटी त्यानं काढला.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा अंधार. दुसऱ्या दिवशी मोठा बर्फ पडणार होता, वारा अंगातून आरपार जात होता. मी आणि जयंती टेकडीच्या वाटेवर थांबलो. शैलेंद्र बरणी घेऊन एकटा पाण्याकडे गेला. बॅटरीचा उजेड लहान होत गेला. थांबला. त्यानं बरणी उघडली, ओंजळीत काहीतरी धरलं आणि हात पुढे केले.

खाली ठेवलं नाही. पुढे केले. कोणीतरी घेईल असे.

मग मान खाली घातली. बराच वेळ. त्याच्यासमोर मला कोणी दिसलं नाही. जयंतीनं माझी बाही पकडली होती. तिला दिसलं का ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

तो परत आला. हात रिकामे.

“पाण्यात टाकलीस?” मी विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही.

“मग?”

“…घेतली.”

आम्ही गाडीकडे निघालो.

“आता बरा आहे तो?” ऋषभनं विचारलं.

आहे. चव हळूहळू आली. दात खोटे बसवलेत. ते चॅनल बंद केलं. एनस्खेडेला नोकरी बघून दोघं तिकडे गेली, समुद्रापासून जमेल तेवढं लांब. जयंती त्याच्याशी पहिल्यासारखी बोलायला वर्ष गेलं. परवाच फोन आला होता, बरं चाललंय.

“पण काका,” ऋषभ म्हणाला, “ते सगळं कोविडमुळे पण असू शकतं. दात पण. भास पण. तुम्ही स्वतः तर काही पाहिलं नाही.”

असू शकतं. मीही गाडीकडे चालताना हेच म्हणत होतो मनात. आजारी मुलगा, लॉकडाऊन, एकटेपणा, डोकं फिरलं असेल. गाडी माझी होती. कुलूप लावलेली. किल्ली माझ्या खिशात. मी दार उघडलं, आतला दिवा लागला.

मृदुलानं त्यांच्यासाठी नारळाच्या वड्या दिल्या होत्या. घाईत मी डबा त्यांच्या घरी न्यायचा विसरलो होतो, तो मागच्या सीटवर होता. झाकण बाजूला ठेवलेलं. वड्या जागच्या जागी. त्यातली एक फक्त अर्धी.

मी ती उचलली. ओली होती. वरून दातांचे ठसे अगदी स्वच्छ उमटलेले, एकूण एक दात मोजता यावा असे. आणि खालून… खालून दात नव्हतेच. नुसतं हिरडीनं दाबून चेचलेलं. आणि त्यात वाळू.