काडेपेटीतले पाहुणे

“अवो, मारू नका त्यांना!” कुंपणापलीकडून कोणीतरी ओरडलं, आणि पद्मजाच्या चिमट्यातला किडा डब्यातल्या साबणाच्या पाण्यात पडलाच.

ती दचकून वळली. पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी, खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी टाकून एक तरुण उभा होता. हा जांभूळ गावचा हरिचंद्र. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या कॉलनीत पाणी सोडायच्या कामावर नुकताच लागला होता.

“मग काय ओवाळू त्यांना?” पद्मजा म्हणाली. “आठवडा झाला वेचतेय. माझ्या वालाची दशा बघा!”

दशा खरंच वाईट होती. मांडवावरच्या कोवळ्या शेंड्यांना काळा मावा गच्च चिकटला होता. पानं वळली होती, फुलं गळत होती... आणि हा वाल म्हणजे पद्मजाची अब्रू होती हो! वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला दोनदा नापास झालेली मुलगी. तिचे वडील, नाना, येताजाता म्हणायचे, “हिच्या हातात प्लॅस्टिकचं फूलसुद्धा सुकेल.” म्हणून तर तिने हट्टाने, कोणाचा हात न लागू देता हा वेल वाढवला होता. आता नानांनी कॅम्प तीनच्या बाजारातून कवटीचं चित्र असलेला पावडरचा डबा आणून फळीवर ठेवला होता. येत्या रविवारपर्यंत मावा गेला नाही, तर ती पावडर मारायची. असल्या विषारी वालाची आमटी खाणार कोण? आणि आज सोमवार उजाडला होता.

हरिचंद्रने कुंपणावरून वाकून डब्यात पाहिलं. काळपट, खरखरीत, अंगावर नारिंगी ठिपके असलेले किडे पाण्यात तरंगत होते.

“चोर तो मावा,” तो हळूच म्हणाला. “ह्ये त्याला खानारे. तुमी तर पोलीसच बुडवलेत.”

“सगळे...?” पद्मजाने डब्यात पाहिलं. “आठवड्याभरात शंभर तरी बुडवले असतील मी.”

तो हसला. मग त्याला तिचे भरलेले डोळे दिसले.

“रडू नका. आमच्या चवळीवर लय हायेत, आनतो मी. आनि उद्या सा वाजता नळाला पाइप लावून ठेवा. जोर देतो.”

मंगळवारी सहाला पाणी असं आलं, की पाइप हातात ठरेना! पद्मजाने पानांच्या खालून, शेंड्यांवर फवारे मारले. मावा धुऊन खाली पडत होता, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

“अगंबाई, आज आपल्या लायनीला एवढं पाणी कसं?” शेजारच्या सुंदराबाई अंगणातून ओरडल्या. पद्मजाने ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

अर्ध्या तासाने तो आला. “पोचलं का पानी?”

“पोचलं,” ती म्हणाली आणि उगाचच लाजली.

मग त्याने मुंग्यांची रांग दाखवली. माव्याच्या अंगातून गोड रस निघतो, तो चाटायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात माव्याची राखण करतात. त्याने वेलाच्या बुंध्याला आणि मांडवाच्या खांबांना एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या बांधल्या. मुंग्यांची वाट अडली. शेवटी खिशातून एक काडेपेटी काढून, भलतीकडेच बघत, तिच्यापुढे धरली.

“हळू उघडा.”

आत तसलेच आठ-दहा कुरूप किडे वळवळत होते. पद्मजाच्या मैत्रिणीला तिच्या होणाऱ्या नवऱ्याने अत्तर दिलं होतं. हिच्या नशिबी हे! पण ते किडे पानावर सोडताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं, आणि अत्तराचं कोणाला पडलंय असं तिला झालं.

दिवसभर ती मांडवाखालून हलली नाही. तो एवढासा जीव एकेक मावा धरायचा, संपवायचा, पुढे सरकायचा. कोणी शिकवलं असेल ह्याला? पुस्तकात ह्यांची आई होती, लाल पाठीची, ठिपक्यांची लेडीबर्ड. पण पिल्लं अशी दिसतात हे तिला ठाऊकच नव्हतं.

गुरुवारी किडे खायचे थांबले. शेपटीने पानाला चिकटून, गोळा होऊन निपचित पडले.

“मेले?”

“झोपलेत,” तो म्हणाला. “थांबा जरा.”

थांबायचंच होतं, म्हणून तिने तीन दिवस मनात घोळणारी गोष्ट विचारली. “सुंदराबाई तुमच्या मावशी. पलीकडची मीनल तुमची ताई. अख्ख्या कॉलनीला तुम्ही नाती वाटलीत. मग... मी कोण?”

तो कानापर्यंत लाल झाला. “पानी बंद करायची वेळ झाली,” असं पुटपुटून निघून गेला. त्या दिवशी कॉलनीचं पाणी अर्धा तास आधीच गेलं.

रविवारी सकाळी नाना नाकाला पंचा बांधून, डबा घेऊन अंगणात आले. पद्मजा मांडवाआड उभी राहिली.

“बाजूला हो, पद्मे. सहा दिवस दिले.”

“नाना, पाचच मिनिटं! हे बघा... हलतंय!”

पानाखालचा गोळा मधोमध उकलला. आतून एक ओलसर, पिवळाधमक भुंगेरा बाहेर आला. पाठीवर ना लाल रंग, ना ठिपका. नानांनी चष्मा पुसला, खाली वाकले. हळूहळू त्या कोऱ्या पाठीवर काळे ठिपके उमटायला लागले, आतूनच, आपोआप. रंग केशरी होत चालला. नाना स्टूल ओढून बसले ते उठेनात, चहा गार झाला तरी.

“पद्मे,” ते कधी नव्हे त्या आवाजात म्हणाले, “हे रंगवतं कोण गं?”

वेलावरचा मावा आता शोधावा लागत होता, आणि नव्या शेंड्यांवर फुलं होती. नानांनी डबा न उघडता बाजूला ठेवला. कुंपणापाशी हरिचंद्र उभा होता.

“अहो, या, आत या! चहा टाकतो,” नाना म्हणाले आणि स्वतःच स्वयंपाकघरात गेले.

मांडवाखाली दोघंच उरली.

“त्या दिवशी मी काहीतरी विचारलं होतं,” पद्मजा पानाकडे बघत म्हणाली. “सगळ्यांना ताई म्हणता. मला का नाही?”

त्याने लोखंडी चावी खांद्यावरून उतरवली. परत खांद्यावर घेतली. परत उतरवली.

“एकदा ताई बोललो,” तो म्हणाला, “की मग मागं घेता येत नाय.”

पानावरचा भुंगेरा पंख वाळवत बसला होता.

“मग...” पद्मजा म्हणाली, “नकाच म्हणू. कधीच.”

“पद्मे, साखर कुठाय?” आतून नानांची हाक आली.

“आले!” ती म्हणाली, आणि जागची हललीही नाही.