मुंग्यांचं नाव काढायचं नाही

"आधी माह्या पोराले लावा. जित्ता राह्यला तर मंग मले लावा!"

चंदाबाईने भर दवाखान्यात असा हुकूम सोडला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

चंदाबाई आर्णीकडच्या बंजारा तांड्यावरची. लकव्याने तिचा उजवा हात नेला. जिभेला हात लावायची मात्र त्याचीही छाती झाली नाही. यवतमाळच्या दवाखान्यात लकव्यावर नवं संशोधन सुरू झालं होतं. मानेवर पट्ट्या चिकटवायच्या, हलका करंट सोडायचा आणि सोबत हाताचा व्यायाम. ना सुई, ना चिरफाड. धाकट्या भारतने हे ऐकलं आणि कापसाच्या गाडीत बसवून आईला घेऊन आला. पण करंट म्हटल्यावर बाई अडून बसली. मशीनवाल्या अक्षयने हात जोडले, पाणी पाजलं, आणि शेवटी भारतच्या मानेवर एक पट्टी चिकटवून दाखवली, तेव्हा कुठे ती खुर्चीत टेकली.

भारत तसाच, पट्टीसकट बाहेर आला आणि वळणावर तपासणीवाल्या समीक्षाला धडकला.

तिच्या हातातला डबा उडाला. लाकडी खुंट्या सगळ्या व्हरांड्यात घरंगळल्या. दोघेही खाली वाकले. त्याच्या केसांत कापसाचा एक पिंजलेला पुंजका अडकला होता, डोळे हसरे होते आणि... मानेवर ती पट्टी! समीक्षाने गपकन डोळे मिटले.

"अवो मॅडम, एवढा का वंगाळ दिसतो मी?"

"ती पट्टी काढा आधी!"

"काढतो ना. पण एक सांगू? मले आत्ता अशा मुंग्या येऊन राह्यल्या—"

"मुंग्यांचं नाव काढायचं नाही!" समीक्षाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

भारत आपला बघतच राहिला. एवढी देखणी पोरगी, आणि मुंग्यांना भिते!

भिते कशाची? नोकरी होती तिची तशी. आता हे नीट ऐका. मेंदू हाताला निरोप धाडतो, तो मानेतल्या कण्यातून जातो. लकवा मारला की निरोप पार दमून येतो आणि कण्यातला कोतवाल पेंगत बसलेला असतो. दवंडी पिटणार कोण? त्या कोतवालाला मानेवरून करंटने जरा ढोसायचं, की दमलेला निरोपही पुढे जाईल, असं डॉक्टर लोकांना वाटतं. पण वाटून काय होतं? पारखून घ्यावं लागतं. म्हणून काही पेशंटला खरा, मुंग्या आणणारा करंट, काहींना नुसतीच पट्टी. समीक्षा बसायची दुसऱ्या खोलीत, हाताचा जोर मोजायला. कोणाला खरं, कोणाला खोटं, हे तिला कळता कामा नये. कळलं की मन झुकतं, आणि मन झुकलं की काटाही झुकतो. म्हणून संशोधनाच्या प्रमुखांचा, धम्मरत्न सरांचा, कडक नियम होता: मशीनचं, करंटचं, मुंग्यांचं अक्षर तिच्या कानी पडलं, तर त्या पेशंटची तिच्याकडची तपासणी बाद.

आणि भारत कसा? तोंडात तीळ भिजत नाही असा.

पहिल्याच तपासणीला चंदाबाईने समीक्षाला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "कोणाची वो तू?"

"मारेगावची. नानाजी ढोक्यांची मुलगी. कापूस आहे आमचा."

"म्हंजे कुणब्याची. हं. तुमच्या गावाले पयले मीठ कोणं पोचवलं, ठाव हाय? आमच्या बैलायनं. आमचे आजे-पणजे लदेणी घेऊन, बैलायवर गोण्या लादून फिरत, तवा तुमच्या वरणाले चव आली."

"आज घरी सांगते," समीक्षा हसू दाबत म्हणाली. "आता ही खुंटी उचलून त्या भोकात घाला बरं."

चंदाबाईने बोटं पुढे केली. खुंटी कलंडली, घरंगळली, टेबलाखाली गेली. समीक्षाने ती उचलून परत ठेवली. पुन्हा तेच.

आईची तपासणी संपली की अक्षय तिला हाताच्या व्यायामाला न्यायचा. तेवढा वेळ भारत दाराच्या चौकटीला टेकून उभा. आईला तो तांड्याच्या बोलीत याडी म्हणायचा. बोलायचं तर आहे, पण काय बोलायचं ते बोलायचं नाही... असा पेच.

"आज याडीले त्या—"

"अंहं!"

"अवो, मी म्हणून राह्यलो, याडीले त्या रस्त्यानं गंज धक्के बसले. रस्त्याचं बोललो मी!"

"रस्त्याचं चालेल."

"बोरायचं चालन?" त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. बोरं दवात भिजून गारगार झाली होती.

"बोरांचं... चालेल."

"अन् डोळ्यायचं?"

"कोणाच्या?"

"बैलाच्या वो! आमच्या तांब्या बैलाचे डोळे. तुमाले काय वाटलं?"

समीक्षाला काही वाटलं नव्हतं. नुसते कान तापले होते. आणि बोटं मात्र नको तिकडे जाऊ बघत होती... कारण त्याच्या केसांत आजही कापूस होता. रोजच असायचा मेला! चिमटीत धरून अलगद काढावा, एवढंच. पण पेशंटच्या पोराचे केस हे काय तपासणीत बसतं?

थंडी वाढली, वेचणी सरत आली. भारत हळदीचा भाव विचारी, हवामान विचारी, तिच्या म्हशीची तब्येत विचारी. मुंग्यांचं नाव मात्र त्याने काढलं नाही. असल्या बडबड्याने एक गोष्ट पोटात ठेवावी, तीही कोणासाठी तरी, याला काय म्हणतात ते समीक्षाला उमगायला लागलं होतं.

फक्त चंदाबाईचा हात ढिम्म. खुंटी पडतेच आहे. मूठ आवळायच्या यंत्राचा काटा जागचा हलत नाही. शेवटची तपासणी तोंडावर आली. ती झाली की चंदाबाई तांड्यावर, गाडी तांड्यावर आणि चौकटीला टेकणारा... तोही तांड्यावर. हात बरा नाही आणि भेटही नाही. दोन्हीकडून नुकसान!

त्या दुपारी खुंटी पुन्हा पडली. समीक्षाने मान खाली घालून आकडा टिपला. मायलेक बाहेर गेले. थोड्या वेळाने ती चहाला म्हणून आवारात आली आणि कडुलिंबामागेच थबकली.

पारावर चंदाबाई लेकाला झापत होती. "कंगवा नाई का बे तुह्या घरी? एवढी चांगली पोट्टी पाह्यते, अन् हा डोक्यावर कापसाचं जिनिंग घेऊन फिरते!" असं म्हणून तिने हात वर केला आणि त्याच्या केसांतला कापसाचा तंतू दोन बोटांच्या चिमटीत धरून सुर्रकन ओढून काढला.

उजव्या हाताने!

"चंदाबाई!"

मायलेक दोघेही दचकले. भारतचं तोंड उघडं. "याडी... तुहा हात!" म्हणजे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"काय ओरडता वो," चंदाबाई तंतू फुंकरीने उडवत म्हणाली. "हात हाय माहा. हालला."

"मग आत खुंटी का पाडता?"

"नाई पाडली तर 'बाई बरी झाली, जा घरी' म्हणान ना तुमी. मंग हा कोणत्या तोंडानं येईन इथं? तीस वर्साचा घोडा होऊन राह्यला. दाराले टेकते अन् बैलाचे डोळे सांगते! मले ऐकू नाई येत का?"

समीक्षाला हसावं की रडावं कळेना. खोटा करंट तिला माहीत होता. खोटा लकवा पहिल्यांदाच बघत होती.

भारत कळवळून म्हणाला, "मॅडम, तुमी पाह्यलंच नाई असं..." आणि तिचा चेहरा बघून स्वतःच थांबला. "नाई. सांगा तुमी. जे हाय ते सांगा."

बरं झालं तो थांबला. नाहीतर समीक्षाच्या मनातून तिथेच उतरला असता. गप्प राहावं तर सगळं संशोधन नासतं. उद्या कोणाच्या तरी बापाचा हात त्यावर ठरायचा. सांगावं तर भारतचंही सांगावं लागणार, आणि नोकरीवर गदा. ती तडक सरांच्या खोलीत गेली. दार लावायचं भान तिला राहिलं नाही.

"सर, चंदाबाई मुद्दाम खुंट्या पाडतात. मी बाहेर पाहिलं. आणि... त्यांची तपासणी यापुढे मला देऊ नका."

"एवढ्यासाठी? चुकीचे आकडे बाजूला काढून कारण लिहू. पुढची तपासणी तुम्ही—"

"नको सर. माझं मन झुकलंय."

"करंटच्या बाजूने?"

"नाही... पोराच्या."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नियमाचा माणूस! "बरं. कारण 'तपासनीस तटस्थ नाही' एवढंच लिहितो. तुमची नोकरी राहील. या बाईंना आता आपली दुसरी तपासनीस अर्पिता तपासेल. आणि दार लावून घ्या जाताना. बाहेर गर्दी झाली आहे."

गर्दी कसली, दोनच माणसं. भारतचा चेहरा पिकल्या बोरासारखा झाला होता.

"मंग... आता तुमी माह्या याडीच्या तपासनीस नाई?"

"नाही."

"म्हंजे मुंग्यायचं बोललं तर चालते?"

"चालतं," समीक्षा म्हणाली.

आणि इतके दिवस तोंडाला कुलूप घालून बसलेला तो बडबड्या आता शब्द शोधायला लागला. एकदा जमिनीकडे बघितलं, एकदा छताकडे. "त्या दिवशी... माह्या मानेवरच्या पट्टीले अक्षयनं वायर जोडलीच नव्हती. करंट नव्हताच. मुंग्या तुमाले पाह्यल्यावर आल्या. अन् अजून जात नाईत... समीक्षा."

समीक्षाने हात वर केला. त्याच्या केसांत कापूस उरला नव्हता, तरी तिने तो काढला.

"झालं तुमचं?" मधेच चंदाबाईचा हात आला आणि समीक्षाच्या मनगटाभोवती आवळला. उजवा हात. बोटं खरबरीत, पकड अशी की बांगड्या कुरकुरल्या. "मोज आता. किती जोर हाय?"

"आई गं... दुखतंय! सोडा ना."

"सोडण्यासाठी नाई धरला." खऱ्या करंटने आला होता का तो जोर, की खोट्याने, की निव्वळ हट्टाने, ते अजून डॉक्टरांनाही ठाऊक नाही. चंदाबाईला तर त्याचं काडीचं पडलेलं नव्हतं. "पोट्ट्या, गाडी काढ. मारेगावले जाऊ. नानाजीले म्हणा, मीठ पोचवणारे आले. पण यंदा देऊन नाई, घेऊन जातीन."