गच्चीवर पडलेली खूण

"मॅडम, तुमच्या नकाशावर भुतं मागण्या करतात का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून भोचकने हा प्रश्न थेट नगररचना कार्यालयातल्या अधिकारी बाईंना विचारला. भोचक हे नाव वर्गाने ठेवलेलं, पण ती ते बिल्ल्यासारखं मिरवायची. मागे उभी असलेली गोलकी, म्हणजे शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर, फिसकन हसली.

शहरात कुठल्या जागेवर काय हवं, ते लोकांनी इंटरनेटवरच्या नकाशात खूण टाकून सांगायचं होतं. मुलींनी शाळेमागच्या जागेवर ‘मैदानच राहू दे’ म्हणून खुणा टाकल्या. आठवड्याभरात तिथे ‘गाडीतळ हवा’चा सडा पडला. नावं सगळी अशी, की गल्लीत कुणी ऐकलेली नाहीत. निर्णय उद्याच्या सभेत होता, आणि लबाडाला तिथे उभं करीन, असा शब्द भोचक देऊन बसली होती.

"भुतं नाहीत, पण नाव कुणीही काहीही टाकतं," मॅडम म्हणाल्या. "खूण आधी फोन असेल तिथे उमटते. मग ती बोटाने ओढून हव्या त्या जागी न्यायची. या सगळ्या दुपारी टाकल्यात बघ."

तिथून दोघी गाडीतळाच्या ठेकेदाराकडे गेल्या.

"मी कशाला टाकीन? वाचा की. नुसती स्कूटरपुरती जागा मागितलीय, वर दिवे. त्यात मला काय मिळणार, कपाळ?"

मैदानासमोरचा दुकानदार म्हणाला, "माझी पोरगी तुमच्याच संघात आहे ना गं? आणि दुपारी मी गल्ल्यावर घोरतो. विचारा कुणालाही."

गोलकी फोनवर नकाशा चाळत होती. "भोचक, ही एक तुमच्या घरावर पडलीय. गच्चीवर कोण स्कूटर लावणार गं?"

भोचकचं हसू ओठांवरच थिजलं. "ओढायची राहिली असेल. तू जा घरी."

"अगं, पण..."

"जा म्हटलं ना."

संध्याकाळी जेवताना तिने फोन आईच्या ताटाशी ठेवला.

"आपल्या घरावरून खुणा टाकल्यात. खालच्या मालकीणबाईंकडे साधा फोन. दुपारी बाबा कामावर, मी शाळेत. रात्रपाळी करून दुपारी घरी असणारी नर्स एकच. स्कूटरवालीही तीच."

बाबांचा घास हातातच राहिला.

"आपल्या बोळात स्कूटर शिरत नाही," आई खाली बघत म्हणाली. "मैदान बोळाच्या तोंडाशी, पण तिथे लावता येत नाही, म्हणून लांब पुलाखाली लावते. पहाटे अंधारात तिथून चालत येते. मागे एकदा एकजण पाठीमागून आला होता, पार दारापर्यंत."

"मग स्वतःचं नाव टाकायचंस."

"तुझ्या मैदानावर? लाज वाटली गं."

भोचकला मान वर करवेना. रोज पहाटे कुलपाचा आवाज आला, की ती पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची. आई अंधारातून कशी येते, एवढं शहरभर नाक खुपसणाऱ्या पोरीने कधी विचारलं नव्हतं.

"आई, बाबा, ऐका," ती शेवटी म्हणाली. "सकाळी आपण तिघं मॅडमकडे जाऊन खोट्या खुणा काढायच्या. सभेत मी मैदान मागणार, पण रस्त्याकडची कड सोडून. तिथे स्कूटर आणि दिवे, माझ्या नावाने. गोलचा खांब आत घ्यावा लागेल. मुली माझ्याशी बोलणार नाहीत, तरीही."