वडफाट्यावर सगळे थांबतात

वडफाट्याच्या नव्या रस्त्याची बातमी करायला मी भर दुपारी गेलो होतो. अनसिंगच्या अलीकडचा हा फाटा. बायपास झाला, सोयाबीन भरलेले ट्रक तिकडून जाऊ लागले आणि इथले ढाबे, पंक्चरची दुकानं बसली. मग सरकारनं जुना महामार्ग पायी चालणाऱ्यांसाठी करायचं ठरवलं. डांबरावर फरशी, कडेनं बाक आणि कडुलिंबाची रोपं. खाली दुकानं, वर घरं. दोन्ही तोंडांना लोखंडी खांब, मोटारसायकलसुद्धा आत शिरणार नाही असे. एवढं करूनही पलीकडची दुकानं ओस. का, ते सांगायला एकही अधिकारी फोन उचलत नव्हता.

त्याच बाजूला रंजीताचं शिलाईचं दुकान. दागिने मोडून घेतलेलं. फोनवर म्हणाली होती, "गिऱ्हाईक रस्ताच ओलांडत नाही, साहेब. इथून आता गाडी येत नाही, असं तुमी लिवा. नाहीतर मले दुकान विकावं लागन."

अलीकडच्या काठावर पाचसहा माणसं रिकाम्या फरशीकडे बघत उभी होती. त्यांत म्हातारे पंक्चरवाले जगदेव.

"कोणाची वाट बघताय?"

"गाडी जाऊ द्या, भाऊ."

"इथं गाडी येतच नाही!"

"पाहून रस्ता ओलांडा, असं तुमीच छापत होते ना? आता आमी पाहून राह्यलो, तं चिडता काहून?"

माणसं हसली, पण जागची हलली नाहीत.

मी चिडलोच. या फाट्यावरचे मृत्यू मी आयुष्यभर छापले. गतिरोधक मागून थकलो. तेव्हा कुणी थांबलं नाही, आणि आता हे थांबणं! मी सरळ निघालो.

मधोमध डिझेलचा वास आला. उन्हात तापलेल्या ताडपत्रीचाही. पाठीमागून गरम वारा सपकन गेला आणि शर्ट अंगाला चिकटला. मी मागं पाहिलं नाही.

रंजीता दारातच होती. टाळी वाजवून ओरडली, "पाहा! साहेब आले ना? झालं काय काही?"

समोरची माणसं काठावरच उभी राहिली.

"चाला साहेब, दोघं जाऊ. मीच घेऊन येतो त्याईले."

ती पुढं, मी मागं. फरशीच्या काठाशी तिचं पाऊल अडलं. बांगड्यांचा हात माझ्या छातीवर आडवा आला.

"थांबा..."

"काय झालं?"

"ही जाऊ द्या... मांगं अजून एक हाय."

रस्त्याच्या टोकाकडून कडुलिंबाची रोपं एकामागून एक वाकत आली. आमच्यासमोर वाकली, पुढं वाकत गेली. मग सगळं स्तब्ध. रंजीताचा हात अजून माझ्या छातीवर आडवाच होता. दुकानावरच्याच घरात राहणारी ती इतके दिवस या बाजूनं रस्ता ओलांडायला कधी निघालीच नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"गाडी येत नाही असं लिवू नका, साहेब," ती हळूच म्हणाली. "कोणी खरं मानलं तं..."

"आणि तुमचं दुकान?"

ती फरशीकडे बघत राहिली.

तिथं सोयाबीनचे दाणे सांडले होते. सपाट फरशीवर, अजून घरंगळत होते.